मागं कोण गातंय

"यंदा कोण कोण उभं हाय?"

पुरस्कारांची यादी जाहीर झाली की मावशी मला हे विचारायची. हातात पिळलेली चादर, पदर कमरेला खोचलेला, आणि चेहरा असा की जणू ग्रामपंचायतीचे अर्ज भरून झालेत आणि आता कोण कुणाच्या विरोधात आहे एवढंच बघायचं बाकी आहे. प्रश्न मात्र असायचा देशभरातल्या पॉप गाण्यांच्या पुरस्कारांचा. टीव्हीवर दरवर्षी होणारा, निम्म्याहून जास्त जाहिरातींचा तो सोहळा तुम्हीही कधी ना कधी पाहिला असेल. नामांकन हा शब्द मावशीने आयुष्यात उच्चारला नाही. तिच्या लेखी गाणी उभी राहायची, निवडून यायची नाहीतर पडायची. "ह्ये पडनार," ती म्हणायची, "डिपॉझिट बी जाईल."

मी मळवलीजवळच्या पाच बंगल्यांचा मॅनेजर. मालक मुंबईत राहतात. गळणारा नळ, गेलेली वीज आणि रस्ता चुकलेले पाहुणे माझ्या वाट्याला. मावशी त्या पाचही बंगल्यांच्या चादरी, टॉवेल, उशांच्या खोळी धुवायची. साठीला टेकलेली, बारकी, काटक बाई. किल्ल्याच्या पायथ्याला तिचं गाव, तिथे भाताची दोन खाचरं आणि एक खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मालकांनी धुलाईचं मशीन आणून दिलं होतं, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "त्ये नुस्तं घुमवतंय. डाग कुटं हाय त्ये त्येला दिसतंय व्हय?"

ती मागच्या अंगणात धूत बसायची आणि पुढच्या अंगणात पाहुण्यांचे स्पीकर वाजत असायचे. शनिवार-रविवारी पाचही बंगल्यांतून पाच गाणी एकदम. भुशी डॅमवरून ओले होऊन आलेले पाहुणे तर आधी स्पीकर लावत आणि मग टॉवेल मागत. मला तो गोंगाट वाटायचा. मावशी मात्र भाजी निवडावी तशी त्यातून गाणी निवडायची. तिची कसोटी साधी होती. "रातच्याला काय, दारू नाचती. सकाळच्याला च्या पिताना मानसं काय लावत्यात त्ये बगायचं. सकाळी लावलं म्हंजे आवडलं."

यादी आली की दुपारी काम उरकल्यावर आमची बैठक बसायची. मावशी उलट्या बादलीवर, आमचे माळीआबा पायरीवर, आणि मी फोन घेऊन एकेक गाणं लावणार. गायकांची नावं तिला पाठ होत नसत, तिने स्वतःची ठेवली होती. एक होता जाकीटवाला, एक निळ्या केसांची, एक नुसता रडका. रडक्याचं गाणं त्या वर्षी सगळीकडे गाजत होतं. मावशीने ते डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "रडतोय खरा, पन नाक कोरडं हाय त्येचं." एका रॅपवाल्याचं अर्धं गाणं ऐकून तिने काळजीने विचारलं, "ह्येचं भांडान कुनाशी चाललंय? कोन सोडवाया जात न्हाई का?" माळीआबा ठसका लागेपर्यंत हसले.

मीही गप्प बसणाऱ्यांतला नाही. मी आदल्या दिवशी इंटरनेटवर सगळं वाचून यायचो. कुठलं गाणं किती लोकांनी पाहिलं, जाणकार काय म्हणतात, परीक्षक कोण आहेत. मग ठासून माझा अंदाज सांगायचो. मावशी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मोहरच्याचं सोड रं दादा. मागं कोन गातंय त्ये ऐक." तिचं म्हणणं असं की पुढचा गाणारा पैसे घेऊन गातो, त्यामुळे तो कसाही गोड वागतो. मागच्या पोरींना कुणी बघत नाही. त्या जीव लावून गात असतील तर गाणं खरं.

हरणाऱ्याने सगळ्यांना कांदाभजी आणायची, अशी आमची पैज होती. सलग तीन वर्षं भजी मीच आणली. बी.कॉम. झालेला माणूस मी, आणि सही करताना अंगठा उमटवणारी बाई मला तीन वर्षं हरवते, हे वरवर मी हसण्यावारी नेत असे. आत ते मला चांगलंच बोचत होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

मावशी मागचे आवाज का ऐकते हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. त्या दिवशी माळीआबा नव्हते. एक गाणं तिने चार वेळा लावायला सांगितलं, आणि मग मान हलवून म्हणाली, "न्हाई. ही न्हाई."

"कोण नाही?"

मग बादलीवर बसल्या बसल्याच तिने सांगितलं. तिला एक मुलगी होती. एकुलती एक. गळा चांगला, गाण्याचं वेड. बारावीनंतर पोरीने हट्ट धरला की पुण्याला जाऊन गाणं शिकणार. मावशीने नाही म्हटलं. पोर ऐकेना, दिवसभर फोनमध्ये स्वतःचं गाणं भरत बसायची. एका सकाळी भाताच्या लावणीला चल म्हटलं तरी ती उठली नाही, तेव्हा मावशीने तो फोन हिसकावून दगडावर आपटला. "आन एक ठिवून बी दिली," मावशी म्हणाली. पोर रडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने निघून गेली.

पोलिसांत तक्रार झाली. मुलगी सज्ञान आहे, चिठ्ठी ठेवून गेली आहे, असं त्यांनी सांगितलं. चार महिन्यांनी मावशीच्या जावेच्या फोनवर पोरीचा फोन आला. एकदाच. ती म्हणाली, मी मुंबईत गाते, मोठ्या गाण्यांत मागं गाणाऱ्या पोरी असतात त्यांत मी आहे, एक दिवस तुला ऐकू येईल. मावशी काही बोलायच्या आत फोन ठेवला. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही.

त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या चादरी धूत प्रत्येक गाण्याच्या मागे आपली मुलगी शोधत होती. आम्ही तिला पॉप गाण्यांतली जाणकार म्हणून चिडवत होतो. तिला गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पुरस्कारांची यादी तिला यासाठी हवी असायची की मोठ्या गाण्यांत गाते असं पोरगी म्हणाली होती, आणि मोठी गाणी म्हणजे ही, असं मीच तिला एकदा सांगितलं होतं.

"कुनाला बोलू नगंस," ती म्हणाली. "गावात आदीच समदी हसाया टपल्यात." मी कुणाला बोललो नाही.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी यादी आली. सहा गाणी उभी होती. चार ऐकून झाली, चारही मावशीने पाडली. पाचवं लावलं. त्याच्या सुरुवातीला वाद्य नव्हतं. फक्त एका बाईचा आवाज, शब्दांशिवाय, लांब हाळी दिल्यासारखा. तो वर चढत गेला आणि शेवटी किंचित अडकून खाली उतरला. मग ढोल सुरू झाले, मग गाणारा.

"परत लाव," मावशी म्हणाली.

मी लावलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. सात-आठ वेळा फक्त तेवढी सुरुवात. तिच्या मांडीवरची उशीची खोळ घसरून चिखलात पडली तरी तिचं लक्ष नव्हतं. माळीआबा चहा आणायला उठले तसा तिने माझा हात धरला.

"ही माजी पोरगी हाय."

लावणीच्या दिवसांत इकडच्या खाचरांत तुम्ही गेला असाल, तर तुम्ही ते ऐकलं असेल. बायका ओळीने वाकून रोपं लावतात, आणि नवी ओळ धरायच्या आधी एक जण हाळी देते. बाकीच्या तिला साथ देतात, मग सगळ्यांचे हात एकदम चालतात. मावशीच्या गावात हाळी मावशीची. ती तिला तिच्या आईकडून मिळालेली, आणि शेवटी सूर अडकून उतरायची ती लकब आसपासच्या कुठल्याच गावात नव्हती. पोरीला ती मावशीनेच शिकवली होती.

"ती आन मी. तिसरं कोन न्हाई," मावशी म्हणाली. मलाही ते पटलं. आवाज कोवळा होता, विशी-पंचविशीतल्या मुलीचा असावा तसा.

"तिनं माजी हाळी का घातली गान्यात, सांग बरं?"

"का?"

"राग गेला तिचा. म्हनून." एवढं बोलून तिने तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते त्या एकाच दिवशी.

सोहळा तीन आठवड्यांवर होता. ते तीन आठवडे मावशी वेगळीच बाई होती. तिने खोलीला चुना लावला. पोरीला आवडतात म्हणून तांदळाच्या पापड्या घातल्या. चादरी वाळत घालताना ती पुटपुटत असायची. मी एकदा जवळ गेलो तर ती पोरीशी बोलत होती. गावात कुणाचं लग्न झालं, कुणाची म्हैस व्याली, असं साधंच काही. मी गाण्याच्या कंपनीला निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. इंटरनेटवर त्या गाण्याखाली दोन-तीन नावं होती, त्यांत मुलीचं नव्हतं. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. मागच्यांची नावं कोण लिहितं, असं ती म्हणाली. तिला एकच विचारायचं होतं.

"गानं निवडून आल्यावर मागच्या पोरींना बी वर बोलवत्यात ना?"

"बोलावतात," मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं.

सोहळ्याच्या चार दिवस आधी मी फोनवर त्या गाण्याच्या संगीतकाराची मुलाखत पाहिली. एका कानात बाळी, मानेवर केस. चेहरा बघितल्याबरोबर मी उठून बसलो. हा माणूस दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे दहा दिवस राहिला होता. मुलाखतीत तो हिंदीत सांगत होता की ती हाळी मावळातल्या एका शेतात मिळाली. साठीची एक बाई होती, नाव विचारायचं राहून गेलं. घरी आल्यावर त्याने तो आवाज यंत्रावर वर चढवला, त्यामुळे तो तरुण वाटतो.

मला सगळं आठवलं. त्याला मावशीच्या खाचरात मीच घेऊन गेलो होतो. त्याच्या हातातल्या केसाळ माइकला मावशीने बोका म्हटलं होतं. त्याने तिला दोनदा हाळी द्यायला लावली होती. लावणीच्या दिवसांत शहरातला प्रत्येक पाहुणा बांधावर उभा राहून काहीतरी टिपत असतो, त्यामुळे ते ना तिच्या लक्षात राहिलं ना माझ्या. आणि स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे मावशीला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. माझा आवाज मी पहिल्यांदा फोनमध्ये ऐकला तेव्हा मला ते कुणीतरी बोकड वाटलं होतं.

आता त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते क्रमाने सांगतो. पहिल्यांदा आनंद झाला, आपल्या मावशीचा आवाज देशभर वाजतोय म्हणून. मग आलं की मावशी चुकली. एकदा तरी चुकली. आणि पोरीचा विचार आला तो तिसरा. तो आला, आणि मी तो बाजूला सारला. मी स्वतःला समजावलं की बातमी एवढी मोठी आहे, ती सगळ्यांसमोर कळू दे, मावशीला केवढं आश्चर्य वाटेल. चार दिवस ती माझ्यासमोर चादरी झटकत पोरीशी बोलत होती आणि मी ओठ मिटून हसत होतो.

रविवारी संध्याकाळी मोठा बंगला रिकामा होता. मालकांना विचारून मी हॉलमधला टीव्ही लावला. गावातल्या आठ-दहा बायका आल्या, मावशीची जाऊ आली, माळीआबा आले. मावशी ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली होती. सोफा सोडून ती अगदी पुढे, फरशीवर बसली. इतर पुरस्कार चालू असताना ती स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या मुलींचे चेहरे बघत होती.

गाणं निवडून आलं. हॉलमध्ये एकच गलका झाला. संगीतकार स्टेजवर आला, त्याने देवाचे, आईचे, सगळ्यांचे आभार मानले. सूत्रसंचालकाने विचारलं की तो सुरुवातीचा आवाज कुणाचा. तो म्हणाला, खरा आवाजच ऐकवतो. आणि त्याने शेतात टिपलेला तुकडा जसाच्या तसा लावला.

हाळी आली, पण आता ती खालच्या सुरात, जाडसर, वय झालेल्या गळ्यातून आली. अडकली, उतरली. आणि लगेच त्याच आवाजात, "आरं बाजूला व्हय की! रोपं तुडवशील!"

टीव्हीतलं सगळं सभागृह हसलं. इकडे जाऊ किंचाळली, "आगं बया! ही तर तू!"

मग काय विचारता. बायका मावशीच्या पाठीवर थापा मारू लागल्या, कुणी तिला हलवलं, कुणी मिठी मारली. माळीआबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी मात्र पडद्यावरची नजर हटवत नव्हती.

"गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली. "ती येईल आता."

"कोन येईल?" जाऊ म्हणाली.

संगीतकार पुरस्कार उंचावून खाली उतरला. जाहिरात लागली. मावशी जाहिरातसुद्धा पूर्ण बघत होती. मग ती सावकाश मागे वळली, आणि एवढ्या बायकांतून तिने मला शोधलं.

"दादा, तुला ठावं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. "चार दिवसांपासून," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. शेजारची बाई तिला पेढा भरवत होती, तो तिने तोंडात घेतला. तो गिळून झाल्यावर ती माझ्या जवळ आली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आदी सांगितलं आसतंस, तर घरी रडले आसते."

पुढच्या आठवड्यात मळवलीच्या रस्त्याला तिच्या फोटोचा बॅनर लागला. खाली कुण्या पुढाऱ्याचा आणि आमच्या बंगल्यांचा उल्लेख होता. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, सगळ्यांनी फोनवर ते टिपलं. भाषणांत ती मावळची शान झाली. तिला माइकपाशी उभं करून हाळी द्यायला सांगितली. ती उभी राहिली, समोर बघितलं आणि म्हणाली, "घसा बसलाय." घसा बसलेला नव्हता.

मी तिची माफी मागितली. एकदा नाही, चार-पाच वेळा. "आसूं दे रं," ती म्हणायची आणि कामाला लागायची. तिने मला कधी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. गाणी वाजायची, पण आता ती ऐकत नव्हती. पाहुण्यांच्या स्पीकरखालून भरलेली बादली घेऊन ती अशी जायची की जणू तिथे काहीच वाजत नाही.

एका दुपारी ती म्हणाली, "दादा, सात वर्सं म्या समदी गानी ऐकली. कुटल्याच गान्यात ती न्हाई. मंग हाय कुटं?"

आणि मग तिने ते विचारलं. रेल्वे पोलिसांकडे बेवारस मेलेल्यांच्या फोटोंची वही असते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती बघायला मी तिच्याबरोबर येईन का.

आम्ही एका सोमवारी लोणावळ्याला गेलो. तिथला हवालदार वयस्क होता, भला माणूस. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "मावशी, दमानं बघा. नको वाटलं तर मिटून टाका." ती वही जाड होती. मावशीने पहिलं पान उघडलं आणि प्रत्येक फोटोवर बोट ठेवून बघायला सुरुवात केली. पुरुषांचे फोटोही तिने वगळले नाहीत. मला दोन पानांच्या पुढे बघवेना, मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मागून तिचा आवाज येत होता. "न्हाई." पान उलटल्याचा आवाज. "न्हाई." तासाभराने तिने वही मिटली आणि दोन्ही हात जोडून हवालदाराला नमस्कार केला.

बाहेर आल्यावर तिने स्वतःहून चहा मागितला. "हितं न्हाई," ती म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. आपली मुलगी सापडली नाही याचा आनंद तिला अशा ठिकाणी जाऊन मिळवावा लागत होता, आणि तिला तिथवर पोचवणारा मी होतो.

त्यानंतर दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ती एकेका स्टेशनाला गेली. तळेगाव, चिंचवड, पुणे. मग घाटाखाली कर्जत, कल्याण. पहिल्या तीन वेळा मी गेलो, पुढे बुकिंगची गर्दी वाढली आणि ती एकटी जाऊ लागली. मंगळवारी सकाळी आली की मला एवढंच सांगायची, "तितं बी न्हाई."

लावणी आली. जाऊ सांगत होती की बायका खाचरात ओळीने उभ्या राहिल्या, मावशीच्या हाळीची वाट बघत थांबल्या. मावशी वाकली आणि मुकाट्याने लावू लागली. मग बाकीच्याही वाकल्या. त्या वर्षी खाचर हाळीशिवाय लावून झालं.

श्रावणात ती कल्याणहून भिजून आली. ताप भरला. दोन दिवस तिने अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा छातीत कफ भरला होता. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. जावेच्या मुलाने अग्नी दिला. मी दवाखान्यात रोज जात होतो. आदल्या संध्याकाळी तिने मला विचारलं होतं की ठाण्याला फोटोंची वही कुठल्या फलाटावर असते. मी म्हणालो, बऱ्या झालात की आपण दोघं जाऊ.

दिवाळीच्या आधी एका दुपारी बुकिंगच्या फोनवर एक फोन आला. मी गेटपाशी होतो.

"हॅलो, मळवलीचे बंगले ना?" बाईचा आवाज.

"हो. किती जणं आहात? किती दिवस?"

"बुकिंग नाही करायचं." ती म्हणाली. "तुमच्याकडे चादरी धुवायला एक बाई आहेत. त्यांचा सत्कार झालेला मी बघितला फोनवर. मागं बॅनरवर तुमच्या बंगल्यांचं नाव होतं, त्यावरून नंबर शोधला. मी त्यांची मुलगी."

तीच बोलत राहिली, भरभर, पाठ करून आल्यासारखी. ती नाशिकला होती, एका दवाखान्यात वॉर्डात कामाला. ते गाणं वर्षभर सगळीकडे वाजत होतं, पण कानावर पडायचं ते ढोलांपासून पुढचंच, त्यामुळे तिला काही कळलं नाही. मग गेल्या आठवड्यात मैत्रिणीने तिला पुरस्काराचा तो तुकडा दाखवला. "रोपं तुडवशील म्हणून ओरडली ना, तेव्हा मी उभीच राहिले," ती म्हणाली आणि हसली.

"तुम्ही गाता ना?" मी विचारलं.

"नाही हो. कधीच नाही. एका गाण्यात नाही गायले. तेव्हा फोनवर खोटंच बोलले होते आईला. तिला हरवायचं होतं. मग खोटं बोलल्यावर परत फोन करायला तोंड राहिलं नाही." मग तिने विचारलं, "तिचा राग गेला असेल का?"

"केव्हाच गेला," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

"मग मी उद्या येते. पहाटेच्या गाडीनं निघते. पण तुम्ही तिला सांगू नका हं. मी दारात उभी राहीन, आणि तिनं वर बघितलं की मला तिचं तोंड बघायचंय."

समोरून पाहुण्यांची एक गाडी आत वळत होती. ड्रायव्हर मला हॉर्न देऊन विचारत होता की कुठल्या बंगल्याकडे. मी त्याला हाताने थांबवलं.

"ताई," मी विचारलं, "तुम्ही आत्ता कुठं आहात? घरी आहात का?"

"घरीच आहे. आज सुट्टी आहे. का हो?"

मग मी तिला सांगितलं.